तापाने कर्करोगाशी झुंजणारा डॉक्टर : विल्यम कोली

आपल्या जोयडा तालुक्याला, म्हणजे जुन्या सुपा भागाला, तापाची ओळख करून द्यायला नको. हा मुलूख मुंबई इलाख्यात होता त्या काळी घाटावरचा हा जंगलपट्टा हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. सुप्याला बदली झाली की सरकारी नोकराच्या घरी रडारड होई, असे जुनी माणसे सांगतात. थंडी वाजून येणे, गोधड्यांवर गोधड्या घालणे, मग अंग भाजून काढणारा ताप आणि शेवटी घामाने भिजलेले अंथरूण हे घरोघरचे चित्र होते. कोयनेलच्या कडू गोळ्या ज्यांनी गिळल्या, त्यांतली काही मंडळी आजही आपल्यात आहेत. अशा गावच्या माणसाला कोणी सांगितले, की एका डॉक्टराने आपल्या रुग्णांना मुद्दाम ताप आणला आणि त्या तापाने काहींच्या गाठी विरघळल्या, तर त्याला ते खरे वाटणार नाही. पण ते घडले आहे. त्या डॉक्टराचे नाव विल्यम ब्रॅडली कोली.

स्मरणिकेसाठी यंदा आम्ही हाच विषय निवडला, त्याला कारण आहे. अलीकडे आपल्या भागात कर्करोगाचे रुग्ण दिसू लागले, की त्यांच्याभोवती उपाय सांगणारेही जमतात. कोणी काढा सांगतो, कोणी वाफारा, कोणी सर्वांगाला उष्णता देऊन रोग जाळून टाकण्याची भाषा करतो. उष्णतेने कर्करोग बरा होतो ही गोष्ट साफ खोटी असती, तर दोन वाक्यांत विषय संपला असता. ती साफ खोटी नाही आणि पुरती खरीही नाही. तिचे मूळ कोलींच्या आयुष्यात सापडते. म्हणून ते आयुष्य नीट समजून घ्यावे, असे आम्हाला वाटले. आम्ही डॉक्टर नव्हे. बांधकाम खात्यात मोजमाप करणारी आम्ही माणसे. तेव्हा जे वाचले आणि समजले, ते साध्या भाषेत मांडतो.

शेतकऱ्याच्या गावातून न्यूयॉर्कला

कोलींचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, वेस्टपोर्ट या गावी झाला. येल विद्यापीठातून ते १८८४ मध्ये पदवीधर झाले. त्यांचा विषय विज्ञान नव्हता, तर ग्रीक आणि लॅटिन या जुन्या भाषा. पुढे दोन वर्षे त्यांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे शाळेत शिकवले. मग मनाने घेतले आणि ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले. १८८८ मध्ये डॉक्टर होऊन ते न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये उमेदवारी करू लागले.

तो काळ शस्त्रक्रियेच्या भरभराटीचा होता. भूल देण्याची विद्या आली होती आणि जंतूंपासून जखम जपण्याची रीतही रुळू लागली होती. त्यामुळे पूर्वी ज्याला हात लावायची हिंमत नव्हती, असे भाग सर्जन कापू लागले होते. कर्करोगावर तर कापून काढणे हाच एक उपाय होता. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा आणि रेडियमचा १८९८ चा, म्हणजे दोन्ही अजून लागायचे होते. गोळ्या-इंजेक्शने तर फार पुढची. कापण्यासारखी गाठ असेल तर कापायची, नसेल तर रुग्णाला घरी पाठवायचे, असा सगळा मामला होता.

बेसी

१८९० च्या शरद ऋतूत, कोली अठ्ठावीस वर्षांचे असताना, त्यांच्याकडे एक सतरा वर्षांची मुलगी आली. नाव एलिझाबेथ डॅशियेल, घरचे तिला बेसी म्हणत. उन्हाळ्यात आगगाडीने प्रवास करताना तिचा हात दोन आसनांच्या मध्ये चेंगरला होता. दुखापत क्षुल्लक होती, पण सूज उतरेना आणि वेदना वाढत चालल्या. आधी जंतुसंसर्ग वाटला. तपासणीत निघाला सार्कोमा, म्हणजे हाडे, स्नायू अशा भागांत उठणारा कर्करोग.

कोलींनी तिचा हात कोपराखाली कापला. त्या काळात याहून अधिक कोणी काही केले नसते. तरीही काही आठवड्यांत रोग अंगभर पसरला आणि जानेवारी १८९१ मध्ये बेसी गेली. नवशिक्या सर्जनला हा घाव जिव्हारी लागला. शस्त्रक्रियेत चूक नव्हती, वेळ दवडला नव्हता, तरी मुलगी चार महिन्यांत डोळ्यांदेखत गेली.

बेसीच्या जाण्याने आणखी एक माणूस हलला. प्रसिद्ध तेलसम्राट रॉकफेलर यांचा मुलगा जॉन हा तिचा जिवलग मित्र होता. पुढे या धाकट्या रॉकफेलरने कर्करोगाच्या संशोधनाला आयुष्यभर सढळ हाताने मदत केली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या नव्या इमारतीला त्यांनी जागा दिली. आपल्याकडेही असेच घडले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पाठोपाठ दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. आज जोयड्याचा माणूस बेळगावहून रेल्वेने मुंबईला तपासणीसाठी जातो, त्याची वाट एका घरच्या दुःखातून निघालेली आहे.

दप्तरातली एक नोंद

बेसी गेल्यावर कोली गप्प बसले नाहीत. न्यूयॉर्क हॉस्पिटलची जुनी दप्तरे काढून त्यांनी सार्कोमाच्या एकेका रुग्णाची नोंद वाचायला घेतली. बहुतेक नोंदींचा शेवट एकच, मृत्यू. आणि मग एक नोंद वेगळी निघाली.

फ्रेड स्टाइन नावाचा जर्मनीहून आलेला एक गरीब माणूस. मानेवर सार्कोमाची गाठ. पुन्हा पुन्हा कापली, पुन्हा पुन्हा उगवली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यातच रुग्णालयात त्याला विसर्प झाला. विसर्प म्हणजे ज्याला जुन्या मराठीत धावरे म्हणतात, तो कातडी लालभडक करणारा, जोराचा ताप आणणारा जंतुसंसर्ग. त्या काळी रुग्णालयांत तो सर्रास होई आणि माणसे त्याने मरतही. स्टाइन मात्र मेला नाही. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला, आणि प्रत्येक फेरीत गाठ लहान होत गेली. शेवटी ती नाहीशी झाली आणि माणूस घरी गेला. नोंद तिथेच संपत होती.

दुसऱ्या कोणी ही गंमत म्हणून सोडून दिली असती. कोलींनी त्या माणसाचा शोध घ्यायचे ठरवले. मॅनहॅटनच्या पूर्व भागात स्थलांतरितांच्या दाट चाळी होत्या. तिथे जिने चढत, दारे ठोठावत ते फिरले आणि फ्रेड स्टाइन त्यांना सापडला. मानेवर मोठा व्रण होता, पण गाठ नव्हती. सहा-सात वर्षे लोटली होती आणि माणूस धडधाकट होता.

आमच्या मते कोलींच्या साऱ्या आयुष्यात सर्वांत मोठे काम हेच. औषध नंतर आले. आधी त्यांनी एका कागदावरच्या ओळीवर विश्वास न ठेवता प्रत्यक्ष माणूस पाहिला. आमच्या खात्यात एम. बी. म्हणजे मोजमापाचे पुस्तक असते. त्यातली नोंद खरी की खोटी हे टेबलावर बसून कळत नाही, टेप घेऊन जागेवर जावे लागते. कोली जागेवर गेले.

मुद्दाम आणलेला ताप

ही कल्पना अगदी नवी नव्हती. जर्मनीत बुश नावाच्या डॉक्टरांनी १८६० च्या दशकातच विसर्प झाल्यावर गाठ लहान होताना पाहिली होती. त्यानंतर फेहलआयझेन यांनी विसर्पाचा जंतू, स्ट्रेप्टोकॉकस, वेगळा करून दाखवला. कोलींनी हे सारे वाचून काढले आणि पुढचे पाऊल उचलले.

मे १८९१ मध्ये त्यांना एक रुग्ण मिळाला. झोला नावाचा इटालियन माणूस, गळ्यात आणि मानेवर गाठी, अन्न गिळता येईना, बोलता येईना. जगण्याची मुदत आठवड्यांत मोजायची. कोलींनी त्याच्या गाठीत जिवंत जंतू टोचले. आधी काही झाले नाही. जंतू कधी दुबळे निघत, कधी रुजत नसत. थोडा ताप येई, गाठ किंचित लहान होई आणि पुन्हा वाढे. महिने गेले. शेवटी जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून जोरदार जंतू मागवले गेले आणि ऑक्टोबरमध्ये झोलाला खरा विसर्प झाला. ताप १०५ अंश फॅरनहाइटवर गेला. रुग्ण मरतो की काय, अशी वेळ आली. पण गाठ मऊ पडली, फुटली, वाहून गेली. दोन आठवड्यांत मानेची गाठ दिसेनाशी झाली. झोला पुढे आठ वर्षे जगला.

ही झाली यशाची गोष्ट. दुसरी बाजूही सांगायला हवी. जिवंत जंतू टोचणे म्हणजे जंगलातला वणवा विझवायला दुसरा वणवा लावण्यासारखे. काही रुग्णांना विसर्प होईच ना. काहींना तो इतका जोराचा झाला की त्यातच त्यांचा अंत झाला. कोलींनी १८९३ मध्ये पहिल्या दहा रुग्णांची हकीकत छापली, पण एव्हाना त्यांना कळून चुकले होते की हा मार्ग असाच चालवता येणार नाही.

मेलेल्या जंतूंचे औषध

मग त्यांनी जंतू उष्णतेने मारले आणि त्यांचे विष तेवढे वापरायचे ठरवले. विसर्पाच्या जंतूबरोबर त्यांनी दुसऱ्या एका जंतूचे विष मिसळले, म्हणजे परिणाम तीव्र व्हावा. या मिश्रणाला पुढे कोलींचे टॉक्सिन हे नाव पडले. यातून रोग लागण्याची भीती नव्हती, पण थंडी वाजून जोराचा ताप मात्र येई.

जानेवारी १८९३ मध्ये सोळा वर्षांच्या जॉन फिकन या मुलाला हे औषध पहिल्यांदा नीट देण्यात आले. पोटात मोठा थोरला सार्कोमा, मुलगा अंथरुणाला खिळलेला. दर एक-दोन दिवसांनी सुई, दर सुईला हुडहुडी आणि ताप. डोस आधी थोडा, मग ताप येईपर्यंत हळूहळू वाढवत न्यायचा. असे महिनोन्‌महिने चालले. मे महिन्यात मुलगा रुग्णालयातून चालत घरी गेला. गाठ जवळजवळ गेलेली होती. तो आणखी २६ वर्षे जगला आणि हृदयविकाराने गेला.

पुढची चाळीस वर्षे कोली हे काम करत राहिले. १८९९ पासून पार्क-डेव्हिस ही औषध कंपनी त्यांचे टॉक्सिन बनवून विकू लागली आणि अमेरिकेत, युरोपात ते वापरले जाऊ लागले. कोलींचे नाव एवढ्यावरच नव्हते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत, विशेषतः लहान मुलांच्या, त्यांचा हातखंडा होता. हाडांच्या गाठींचे ते देशातले मोठे जाणकार मानले जात. १९३५ मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले.

विरोध का झाला

एवढे असूनही त्यांच्या औषधावर डॉक्टरमंडळींचा विश्वास बसला नाही. १८९४ मध्येच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने त्यावर कडक टीका केली. मेमोरियल रुग्णालयातील त्यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स युइंग हे तर कायमचे विरोधक. युइंग सामान्य माणूस नव्हते. हाडाच्या एका कर्करोगाला त्यांचे नाव आहे. त्यांचा भर क्ष-किरणांवर आणि रेडियमवर होता. कोलींनीही क्ष-किरणे फार लवकर वापरून पाहिली होती, पण त्यांच्या मते पसरलेल्या रोगाला ती पुरी पडत नव्हती.

या विरोधात मत्सर किंवा पैसा शोधणारे पुष्कळ आहेत. शहाण्या डॉक्टराला दुष्ट डॉक्टरांनी दडपले, अशी गोष्ट ऐकायला बरी वाटते आणि उपाय विकणाऱ्यांच्या ती कामाचीही असते. आम्हाला मात्र विरोधकांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही. कोलींच्या औषधाचा जोर दर वेळी वेगळा असे. बनवण्याच्या कितीतरी पद्धती झाल्या, कोणती बाटली किती तीव्र हे आधी सांगता येत नसे. सुई कुठे द्यायची, किती दिवस द्यायची, यालाही ठराविक माप नव्हते. काही रुग्णांना बरोबरीने शस्त्रक्रिया झालेली, काहींना किरणेही दिलेली. मग बरे झाला तो कशाने, हे कसे सांगायचे? काही गाठी मुळात कर्करोगाच्या होत्या का, असाही प्रश्न विचारला गेला. आमच्या कामात सिमेंटचे प्रमाण दर घमेल्याला बदलले, तर पूल उभा राहिला तरी त्याच हिशोबाने दुसरा पूल बांधता येत नाही. क्ष-किरण यंत्राला माप होते. म्हणून लोक तिकडे गेले.

कोली प्रामाणिक होते, यात शंका नाही. जे रुग्ण गेले, तेही त्यांनी सांगितले. पण बरे झालेल्यांची यादी कितीही लांब असली, तरी ती पुरावा होत नाही. उपचार घेतलेले आणि न घेतलेले सारखेच रुग्ण शेजारी ठेवून तुलना करावी लागते. ती पद्धत त्यांच्या हयातीत रूढ झालेली नव्हती. १६ एप्रिल १९३६ रोजी, ७४ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये कोलींचे निधन झाले, तेव्हा त्यांचे औषध जवळजवळ विस्मरणात जायला लागले होते.

ताप की आणखी काही

आता मूळ प्रश्न. गाठ विरघळली ती तापामुळे, की आणखी कशामुळे?

कोलींच्या काळातच उष्णतेला औषध मानणारी दुसरी वाटही चालू होती. व्हिएन्नाचे डॉ. वाग्नर-यौरेग यांनी १९१७ मध्ये, गरमी म्हणजे उपदंश मेंदूत जाऊन वेड लागलेल्या रुग्णांना मुद्दाम हिवताप दिला. तापाच्या काही पाळ्या येऊ द्यायच्या आणि मग कोयनेल देऊन हिवताप थांबवायचा. अनेकांना गुण आला, काही दगावलेही. १९२७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या सुप्याने ज्या हिवतापाला शाप मानले, त्याला कुणी औषध म्हणून वापरावे, हे ऐकून आपले आजोबा काय म्हणाले असते कोण जाणे! पेनिसिलिन आल्यावर तो उपचार मागे पडला.

१९३० च्या दशकात अमेरिकेत माणसाला डोके बाहेर ठेवून पेटीत निजवायचे आणि आतली हवा तापवून कृत्रिम ताप आणायचा, अशी यंत्रे निघाली. १९७० च्या दशकात एडिंबरो येथे डॉ. पेटिग्रू यांनी भूल दिलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना वितळलेल्या मेणात ठेवून त्यांच्या सर्व शरीराचे तापमान ४१.८ अंश सेल्सिअसपर्यंत नेले. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपले शरीर ३७ अंशांचे. ४२ च्या पुढे यकृत आणि मेंदू यांना इजा होऊ लागते. रोगाला मारणारी उष्णता आणि माणसाला मारणारी उष्णता यांत अंतर जेमतेम एका अंशाचे. म्हणून हे काम भूल देणारे डॉक्टर, हृदयाचे ठोके दाखवणारे यंत्र आणि क्षणाक्षणाला तापमान मोजण्याची सोय यांशिवाय करता येत नाही. वाफेच्या पेटीत बसून घाम गाळणे आणि हे, यांचा एकमेकांशी संबंध नाही. घाम येतो तो शरीर थंड ठेवण्यासाठीच.

एवढे करूनही फळ काय? काही गाठी लहान झाल्या, वेदना कमी झाल्या, पण नुसत्या सर्वांग उष्णतेने कर्करोग कायमचा बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. उष्णतेचा उपयोग दिसला तो दुसऱ्या उपचारांची जोडीदार म्हणून. गाठीच्या आत रक्तपुरवठा कमी असतो, तिथे प्राणवायू कमी पोचतो, आणि अशा पेशींवर किरणांचा मारा कमी लागू पडतो. नेमक्या त्याच पेशी उष्णतेला हळव्या असतात. म्हणून गाठीपुरती ४० ते ४३ अंशांची उष्णता द्यायची आणि जोडीला किरणोपचार करायचे, ही रीत आली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नेदरलँड्समध्ये अशी तुलना करून पाहिली, तेव्हा किरणांबरोबर ओटीपोटाला उष्णता दिलेल्या बायकांना अधिक फायदा झालेला आढळला. इथे उष्णता किरणांच्या मदतीला होती. किरणे बंद करून तिच्या भरवशावर कोणाला सोडलेले नव्हते.

मुलीने सोडवलेली गाठोडी

कोली गेल्यावर त्यांची मुलगी हेलन कोली-नॉट्स यांच्या हाती वडिलांची हजारो पत्रे आणि कागद लागले. हेलन डॉक्टर नव्हत्या. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांनी एकेक कागद वाचून, रुग्णांचा किंवा त्यांच्या डॉक्टरांचा पत्ता काढून, नेमके काय झाले याची नोंद करायला सुरुवात केली. वडील जसे फ्रेड स्टाइनला शोधत फिरले, तशीच मुलगी पत्रांतून शोधत गेली. आठशेहून अधिक रुग्णांच्या हकिकती त्यांनी लावल्या. १९५३ मध्ये त्यांनी कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. तिच्या आरंभाला रॉकफेलर घराण्यातूनच मदत मिळाली. बेसीचे नाते असे दोन पिढ्या पुरले.

याच काळात कोलींच्या औषधाची वाट मात्र बंद होत होती. अमेरिकेत १९६२ साली औषधांचा कायदा कडक झाला आणि जुने औषध पुन्हा सिद्ध केल्याशिवाय वापरता येईनासे झाले. पण त्यामागची कल्पना मेली नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने दाखवले, की जंतूंच्या विषाला तोंड देताना शरीर स्वतःच एक पदार्थ तयार करते आणि तो गाठीच्या पेशींना मारू शकतो. म्हणजे कोलींच्या रुग्णात लढाई करत होती ती शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती. जंतूंच्या विषाने तिला जाग आणली. ताप हा त्या जागेपणाचा एक भाग होता, आणि त्याने मदतही केली असेल, पण सारे काम त्याचे नव्हते. बाहेरून अंग तापवले म्हणून ती जाग तशीच येत नाही.

याचा पुरावा आपल्या दंडावरच आहे. क्षयाच्या लसीची, बीसीजीची, खूण बहुतेकांच्या डाव्या दंडावर असते. हीच लस मूत्राशयाच्या आरंभीच्या कर्करोगात मूत्राशयात सोडतात. १९७६ पासून हा उपचार जगभर रुळला आणि भारतातही होतो. एका जंतूने प्रतिकारशक्तीला डिवचायचे, हे कोलींचेच तत्त्व. २०१८ मध्ये ॲलिसन आणि होंजो यांना प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवून कर्करोगाशी लढण्याच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा कोलींची आठवण अनेकांनी काढली.

आपल्यासाठी काय

वाचकहो, कोलींचे चरित्र वाचून कोणी वाफेच्या पेटीकडे वळू नये, एवढ्यासाठी हा लेख. आमच्या ओळखीतल्या एका घरात जिभेवरच्या फोडासाठी तीन-चार महिने शेक, धुरी आणि पथ्य चालले. तपासणीला गेले तोवर गाठ मानेत उतरली होती. उपाय सांगणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे आम्ही म्हणत नाही. पण ते महिने परत आणून देणे कोणाच्या हाती नव्हते.

आपल्या भागात कर्करोगाचे मोठे कारण तोंडात आहे. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे पहिले प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४० च्या दशकातच तंबाखू-चुना दाढेखाली धरण्याच्या सवयीचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध दाखवून दिला होता. पाऊण शतक उलटून गेले, तरी आपल्याकडे कामाच्या मजुरीबरोबर तंबाखूची पुडी द्यायची पद्धत आहे आणि आता पोरांच्या खिशात गुटखा आहे. उपायाची चर्चा करण्याआधी ही पुडी टाकली, तर निम्मे काम होईल.

तोंडातला फोड तीन आठवड्यांत बरा झाला नाही, पांढरा किंवा लाल चट्टा उठला, तोंड पुरते उघडेना, स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर आधी जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात जावे. तिथून कारवार, बेळगाव, हुबळी किंवा बांबोळी, जिथे पाठवतील तिथे जावे. खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कर्करोगाच्या उपचारांची सोय आहे. त्यासाठी लागणारे कागद सरकारी दवाखान्यात विचारून आधीच जमवावेत. कागदांचे काम अडले, तर आपल्या मंडळाचे कार्यकर्ते बरोबर येतील.

आणि जो कोणी नवा उपाय सांगेल, त्याला आदराने तीन गोष्टी विचाराव्यात. किती जणांना दिला? त्यांतले किती बरे झाले आणि किती गेले? ते बरे झालेले कुठे राहतात? कोलींना हे विचारले असते, तर त्यांनी वही उघडून दाखवली असती, गेलेल्यांची पानेसुद्धा. फ्रेड स्टाइनचे घरही दाखवले असते. ज्याच्याकडे वही नाही, त्याच्याकडे आपले माणूस सोपवू नये.

विद्येची देवता आपल्या सर्वांना हा विवेक देवो आणि प्रत्येक घरात आरोग्य नांदो, एवढीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!